वृत्ती आणि उचल

रायपूरच्या जुन्या वस्तीत मोहल्ल्याला ‘पारा’ म्हणतात. पाऱ्यांची नावे कुठे तिथल्या वस्तीच्या जातीवरून, कुठे एखाद्या तळ्यावरून किंवा माणसावरून पडलेली असतात. ब्राह्मणपारा हे त्यांपैकीच एक नाव; शेजारचा तात्यापाराही मराठी कानाला परका वाटत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, आणि पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्या, शाळा, न्यायालये उभी राहिल्यावर, मराठी कुटुंबे या बाजूला येत राहिली. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे या येण्याला कोणी स्थलांतर म्हणत नसे. बदली झाली, एवढेच म्हणत. ब्राह्मणपाऱ्यातल्या अशाच एका मराठी घरात माझे बालपण गेले. प्रस्तुत लेखातील प्रश्नाचा आरंभ मला त्या घरातल्या एका वस्त्रापासून करावा लागतो.

ते वस्त्र म्हणजे आजोबांचा मुकटा. तो कोशाच्या रेशमाचा होता. रंग मधासारखा, पोत किंचित खरखरीत. देवघराच्या बाहेर उंच दांडीवर तो वाळत असे. आंघोळ केल्यावाचून त्याला हात लावायचा नाही, आणि चुकून लागलाच तर तो पुन्हा भिजवून वाळत घालावा लागतो, हा नियम आम्हा मुलांना अक्षरओळखीच्या आधी ठाऊक झाला होता. पूजेला आणि जेवणाला आजोबा तो नेसत. त्या काळी हे वस्त्र आमच्या घरी आले कुठून, असा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. देव जसे घरात होतेच, तसा मुकटाही होताच.

पुढे मोठेपणी चांपा आणि कोरबा या भागांत जाण्याचे प्रसंग आले, तेव्हा त्या वस्त्राचा प्रवास मला उलट दिशेने दिसला. कोशाची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढते. जंगलाच्या कडेला राहणारी कुटुंबे, त्यांत आदिवासीच अधिक, ती अळी पाखरांपासून राखतात. कोश फांदीला देठाने लोंबत असतो आणि हाताला सुपारीसारखा टणक लागतो. तो मऊ पडावा म्हणून क्षाराच्या पाण्यात शिजवावा लागतो. आतला जीव त्याआधीच उष्णतेने मारलेला असतो. मग एखादी बाई मांडी घालून बसते, चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढते आणि आपल्या उघड्या मांडीवर तळहाताने वळून त्यांचा धागा करते. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले. मांडीचे कातडे सोलवटते, म्हणून त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे यंत्र अलीकडे तयार झाले. केंद्रीय रेशीम मंडळाच्या संस्थेला त्या कामी चांप्याच्याच एका उद्योजकाचे साहाय्य झाले. मार्च २०२० अखेर मांडीवरची कताई संपूर्ण बंद व्हावी, असे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले होते. त्या धाग्याचा ताणा लावून, खळ देऊन मागावर विणणारे लोक छत्तीसगढात कोष्टा किंवा देवांगन म्हणून ओळखले जातात. आपल्याकडचे ‘कोष्टी’ हे नावही कोसा या शब्दावरूनच आले असे मानतात. छत्तीसगढातल्या अनेक गावांत एखादा कोष्टापारा असतो. ब्राह्मणपारा आणि कोष्टापारा यांच्यामधला मार्ग त्या वस्त्राने बिनबोभाट ओलांडला होता. ज्यांनी ते केले त्यांना तो ओलांडता आला नाही. वस्त्राला सोवळे मानणाऱ्या धर्माने त्याच्या कर्त्यांना मात्र देवघराच्या बाहेरच उभे केले.

हा जुना अन्याय पुन्हा उगाळावा एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याचेच एक नवे रूप माझ्यापुढे आले, आणि ते अधिक अवघड होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाऱ्यातली एक तरुण मुलगी माझ्याकडे एक अर्ज वाचून घ्यायला आली. ती शिल्पकला शिकलेली. पण दगड आणि धातू यांपेक्षा तिचा हात धाग्याकडे वळलेला. चांप्याच्या बाजूने ती कोशाचे देठ, फुटक्या कोशांचा जाडाभरडा धागा, मागावरून उतरलेली ताण्याची टोके किलोच्या भावाने आणी. त्यांना पीळ देऊन, गाठी मारून, ती माणसाच्या उंचीचे आकार घडवी. अशा कामाला मराठीत अजून नाव रुळलेले नाही. कोणी तंतुकला म्हणतात, कोणी सरळ फायबर आर्ट. तिला दोन वर्षांची एक वृत्ती मिळण्याची शक्यता होती. अर्जात रकाने होते: प्रेरणा, कार्यपद्धती, अपेक्षित निष्पत्ती, अन्य मार्गांनी मिळणारे साहाय्य. तिने सगळे नीट भरले होते. कागद पुढे सरकवून ती म्हणाली, “काकू, हा धागा जिने मांडीवर वळला तिला त्याची मजुरी मिळते, आणि तीही वजनावर. तोच धागा मी भिंतीवर टांगणार, म्हणून मला दोन वर्षे पैसे मिळणार. हे घ्यावेत का मी?”

तिला पैशांची गरज होती. पण परवानगी मागण्यासाठी ती आलेली नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवे होते. अशा प्रश्नांना दोन सोपी उत्तरे नेहमी तयार असतात. त्या दोन्हींचा विचार आधी केला पाहिजे.

पहिले उत्तर असे की, कला वेगळी आणि कारागिरी वेगळी. कारागीर ठरलेल्या वस्तूची पुनरावृत्ती करतो, कलावंत पूर्वी नसलेले काही घडवतो. म्हणून एकाला मजुरी आणि दुसऱ्याला वृत्ती हे न्याय्यच आहे. हा युक्तिवाद ऐकायला स्वच्छ वाटतो. पण तंतूंच्या माध्यमात आपल्याकडे झालेले सर्वांत मोठे काम समोर ठेवले की तो टिकत नाही. मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांचा जन्म मुंबईचा. आई लीला शिल्पकार, वडील बिनोदबिहारी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. १९५७ च्या सुमारास बिनोदबिहारींची दृष्टी पूर्ण गेली, तरी कागद कापून, चिकटवून, चाचपून ते काम करीतच राहिले. मृणालिनी बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या. लोककारागिरी आणि कला यांच्यामध्ये भिंत असू नये, हा सुब्रमण्यन यांच्या अध्यापनाचा गाभा होता. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मृणालिनींनी बाजारात मिळणारा तागाचा साधा दोर हाती घेतला. तो रंगवायचा आणि गाठीमागून गाठ मारीत जायचे. माग नाही, आधी काढलेला आराखडाही नाही. ‘यक्षी’, ‘रुद्र’, ‘पुष्प’, ‘वनश्री’ अशा नावांच्या त्या प्रचंड आकृती देवतांसारख्या दिसतात आणि वनस्पतींसारख्याही. एकेका आकृतीला महिनेच्या महिने लागत. तरीही बराच काळ, हे शिल्प म्हणायचे की हस्तकला, अशी शंका काढणारे लोक होतेच.

ती शंका मला मोलाची वाटते, कारण तिच्यातून नकळत एक सत्य बाहेर पडते. मृणालिनींची गाठ आणि खाट विणणाऱ्याची गाठ यांत तंत्राचा मूलभूत फरक नाही. दोरही तोच. तो हात हळूहळू कुठे जातो आहे हे पाहत राहण्याची सवड मात्र एका ठिकाणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती. १९७८ मध्ये ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळून त्या इंग्लंडमध्ये शिल्पकलेचे काम करायला गेल्या. पुढे दिल्लीत ललित कला अकादमीच्या गढी येथील कार्यशाळेत त्यांना जागा मिळाली. प्रतिभा त्यांची स्वतःचीच होती, तिचे श्रेय कोणत्याही संस्थेला देता येणार नाही. पण प्रतिभेला उमगेपर्यंतचा जो काळ लागतो, तो कोणीतरी पुरवावाच लागतो. कला आणि कारागिरी यांच्यामधली रेषा हाताच्या कौशल्यातून जात नाही. ती पुष्कळदा काळाच्या वाटणीतून जाते.

दुसरे सोपे उत्तर नकाराचे. राजाश्रयाने कला मिंधी होते, म्हणून तो नाकारावा. मराठी मनाला हे उत्तर फार प्रिय आहे. शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आपले संत आपापल्या धंद्यावर जगले: नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. उत्तरेत कबीर तर विणकरच होते, आणि त्यांच्या पंथाची छत्तीसगढातली मोठी गादी दामाखेडा येथे, रायपूरपासून फार दूर नाही. या परंपरेचे तेज मला मान्य आहे. परंतु नकार हा ज्याचा त्याने स्वतःसाठी घ्यायचा निर्णय असतो. तो दुसऱ्यावर लादला की त्याचे तेज जाते आणि नुसता काटकसरीचा हिशेब उरतो. शिवाय आमच्या मुलीने पैसे नाकारल्याने चांप्याच्या बाईची मजुरी एक पैशानेही वाढणार नव्हती. तिचे हात तेवढे स्वच्छ राहिले असते. मुकट्याचे सोवळे हेही शेवटी आपले हात स्वच्छ राखण्याचेच शास्त्र होते. नकाराचे एक नवे सोवळे तिला नेसवावे, असे मला वाटेना.

तेव्हा दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे यावे लागते. समाज जेव्हा कलावंताला पैसा देतो तेव्हा तो नेमके काय देतो?

आपल्या भाषेत या देण्याला तीन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पहिला शब्द ‘उचल’. विणकरांच्या वस्तीत तो सर्वांना माहीत आहे. व्यापारी सूत देतो किंवा काही रक्कम आगाऊ देतो. विणकराने ठरल्या मापाचा माल ठरल्या मुदतीत द्यायचा, आणि मजुरीतून उचल फिटायची. ती बहुधा पुरती फिटत नाही. उचल आगाऊ मिळते खरी, पण तिच्यामुळे पुढचा काळ मोकळा होण्याऐवजी गहाण पडतो. दुसरा शब्द ‘अनुदान’. त्याची फोड केली तर मागाहून दिलेले, असा अर्थ निघतो, आणि व्यवहारही पुष्कळसा तसाच आहे. सुताच्या किमतीत सवलत, नवा माग, कामासाठी छप्पर, कर्जाच्या व्याजात सूट हे सारे आवश्यक आहे आणि कमीच पडते. तरी ते दिले जाते चालू असलेले काम चालू राहावे म्हणून. तिसरा शब्द ‘वृत्ती’. संस्कृतात ‘वृत्‌’ म्हणजे असणे, राहणे, चालणे. मराठीत वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन आणि वृत्ती म्हणजे मनाचा कलही. जोशीपणाची वृत्ती असे आपले पूर्वज म्हणत, आणि वैराग्याची वृत्ती असेही म्हणत. एकाच शब्दात पोट आणि मन यांची सोय व्हावी, हा केवळ योगायोग मला वाटत नाही. ज्या साधनामुळे मनाला आपल्या कलाप्रमाणे राहता येते ती वृत्ती.

या दृष्टीने जुन्या ग्रामव्यवस्थेकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सुतार, लोहार, कुंभार यांना बलुते होते. गावाच्या धान्यात त्यांचा ठरलेला वाटा होता. ती व्यवस्था विषम होती, जातीने जखडलेली होती, हे खरेच. पण बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत साळी किंवा कोष्टी यांचे नाव नाही. विणकर प्रथमपासूनच बाजारावर अवलंबून राहिला. त्याच्या नशिबी वृत्ती आली नाही, उचल आली. म्हणजे आज जो भेद आमच्या मुलीला टोचत होता, तो एखाद्या कचेरीने काल निर्माण केलेला नव्हता.

वृत्तीने नेमके काय मिळते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुंबईच्या मोनिका कोरिया यांचे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. १९६२ मध्ये अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या विणकर-शिक्षिकेकडून त्यांना मागाची पहिली ओळख झाली, आणि मुंबईला परतल्यावर त्या विणकर सेवा केंद्रात शिकल्या. मागावर ताण्याचे धागे सारख्या अंतरावर राखण्याचे काम फणी करते. तीच बाण्याचा धागा ठोकून बसवते. फणी आहे म्हणून कापड सरळ, एकसारखे होते. कोरिया यांनी विणकाम अर्ध्यावर असताना फणी काढून टाकायला सुरुवात केली. बंधन सुटलेले उभे धागे आपापल्या वाटेने कलू लागले, एकमेकांजवळ आले, दूर गेले, आणि त्या भटकण्यातूनच त्यांच्या भित्तिपटांचे रूप ठरत गेले. मोठमोठ्या संग्रहालयांनी ते पट आता घेतले आहेत. जो विणकर वारावर मजुरी घेतो, त्याने मध्येच फणी काढली तर काय होईल? माल खराब ठरेल आणि उचल अंगावर राहील. फणी कशी काढायची हे त्याला कोरिया यांच्याइतकेच कळते. ती काढण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. हा अधिकार म्हणजे चुकण्याचा, वाया घालवण्याचा, उसवण्याचा अधिकार होय. तो कोणाला घरच्या परिस्थितीतून मिळतो, कोणाला नोकरीतून, कोणाला वृत्तीतून. कसाही मिळो, नवनिर्मिती म्हणतात तिची तीच पहिली अट आहे.

चित्रकार आणि विणकर यांना एका छपराखाली आणण्याचा एक प्रयत्न आपल्या देशात झाला, आणि तो मुंबईतच प्रथम आकाराला आला हे मराठी वाचकाने विसरू नये. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. १९५६ पासून, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने, विणकर सेवा केंद्रे उघडू लागली. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या केंद्रात होते. १९६१ मध्ये प्रभाकर बरवे या केंद्रांच्या सेवेत आले. आधी वाराणसीला आणि मग मुंबईला, १९८२ पर्यंत. कापडासाठी आकृतिबंध तयार करणे हे त्यांचे काम. त्या पगारावर एका चिंतनशील चित्रकाराची एकवीस वर्षे गेली, आणि मराठीला १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मिळाले. ते शीर्षक वाचताना मला नेहमी वाटते की, चित्रकाराच्या लेखी जे कोरे असते ते विणकराच्या लेखी पूर्ण झालेले असते. एकाचा आरंभ दुसऱ्याच्या समाप्तीवर उभा असतो. केंद्रांमध्ये या दोघांची रोज गाठ पडत होती, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण तिथेही आकृतिबंध करणाऱ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत; तो मागावर उतरवणाऱ्यांची नाहीत. हातमाग मंडळ २७ जुलै २०२० रोजी विसर्जित झाले. केंद्रे चालू आहेत.

सार्वजनिक पैशाला भीड असते, तीही इथेच नोंदवावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये बरव्यांच्याच कामाचे प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात उघडले, तेव्हा त्या संग्रहालयाच्या कारभाराबद्दल अमोल पालेकर यांनी बोलायला सुरुवात करताच त्यांना व्यासपीठावर पुनःपुन्हा थांबवण्यात आले. देणाऱ्याने कृतज्ञतेची अपेक्षा धरली की वृत्तीची उचल होते. फरक एवढाच की मालाऐवजी मौन मागितले जाते. हे मी ज्या संकलनासाठी लिहीत आहे तेही सार्वजनिक पैशातूनच निघते, याची मला जाणीव आहे. म्हणून हा इशारा माझ्यासाठीही आहे.

आता उरतो विणकराचा प्रश्न. त्याला फणी काढण्याची इच्छा तरी असते का? त्याला पोटभर मजुरी हवी असते, स्वातंत्र्य हा सुशिक्षितांचा चोचला आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मीही काही काळ असेच मानीत होते. एकदा चांप्याला एका वयस्क विणकराच्या ओट्यावर बसले असता मी सहज विचारले, “तुम्हाला दोन महिन्यांची मजुरी आधीच मिळाली आणि काय विणायचे ते तुम्हीच ठरवायचे असे झाले, तर काय कराल?” तो हसला. म्हणाला, आठ दिवस झोपेन. मग थोडा वेळ धोटा हातात धरून तसाच बसला आणि म्हणाला, “दीदी, माझा बाप एक काठ काढायचा. तो मला अर्धा आठवतो. मागावर बसलो तर हाताला आठवेल असे वाटते. पण पहिल्या खेपेला चुकणार, दुसऱ्या खेपेलाही चुकणार. दोन-तीनदा उसवावे लागेल. उसवायला सवड कुठे आहे?”

या बोलण्याने माझा समज पुसला गेला. मृणालिनी मुखर्जींना नवे रूप शोधण्यासाठी जी सवड लागली, तीच या माणसाला जुने रूप परत मिळवण्यासाठी हवी होती. परंपरा म्हणजे आपोआप चालणारी पुनरावृत्ती असे आपण समजतो. प्रत्यक्षात तीही चुकत, उसवत, आठवतच टिकते. ती सवड बंद झाली की काठ एका पिढीत हरवतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. २००९-१० च्या तिसऱ्या हातमाग गणनेत देशातील विणकर आणि त्यांना जोडून काम करणारे मिळून ४३.३१ लाख होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५.२३ लाख. विणकरांमध्ये सुमारे ७२ टक्के स्त्रिया. घटलेल्या आठ लाखांमागे किती अर्धे आठवणारे काठ गेले, याची गणना कोणी करू शकणार नाही. विणकरांना पुरस्कार दिले जातात, ते योग्यच आहेत. पण पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो आणि वृत्ती न झालेल्या कामाला. कारागिराच्या भूतकाळाचा आपण सन्मान करतो; भविष्यकाळ मात्र कलावंताच्याच नावावर लिहितो. खरा अन्याय मला या ठिकाणी दिसतो. तो दूर करायचा तर कलावंताची वृत्ती काढून घेऊन चालणार नाही. विणकरालाही वृत्ती द्यावी लागेल, आणि तिच्याबरोबर मीटरांचा हिशेब मागून चालणार नाही.

मग जिला आज ती मिळते आहे तिने काय करावे? इथे आपल्या परंपरेतला ऋणाचा विचार मला उपयोगी वाटतो. माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो असे वैदिक वाङ्मय सांगते. शतपथ ब्राह्मणात त्यांना चौथे मनुष्यऋणही जोडलेले आहे. या कल्पनेतील मर्म असे की, ही ऋणे ज्याची त्याला परत करता येत नाहीत. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, पितरांचे पुढच्या पिढीने, माणसांचे अतिथीला आसरा दिल्याने. म्हणजे ऋण मागे फेडायचे नसते, पुढे न्यायचे असते. उचल सावकाराला परत करावी लागते. ऋण तसे परत करता येत नाही, म्हणूनच ते अपमानास्पद नसते. वृत्ती घेणारा कलावंत देणाऱ्या कचेरीचा मिंधा नाही. पण तो मोकळाही नाही. ज्यांना सवड मिळाली नाही अशा अनेकांच्या वतीने ती सवड त्याच्याकडे ठेव म्हणून आलेली असते. ठेवीचा धर्म एवढाच की ती नीट वापरायची, आणि ती कोणाची आहे हे लपवायचे नाही.

हे सगळे मी त्या मुलीला इतक्या पद्धतशीरपणे सांगितले नाही. तेव्हा मला ते इतके स्पष्टही नव्हते. मी तिला एवढेच म्हटले की, पैसे घे, आणि काम असे कर की जिने धागा वळला ती समोर उभी राहिली तर तुला मान खाली घालावी लागू नये. तिने अर्ज परत घेतला. ‘अन्य मार्गांनी मिळणारे साहाय्य’ या रकान्यात तिने आधी ‘नाही’ असे लिहिले होते. ते खोडून तिने कोश राखणारी कुटुंबे, धागा काढणाऱ्या बाया, ताणा लावणारे, विणणारे यांची गावे लिहिली, आणि साहाय्याचे स्वरूप म्हणून ‘श्रम’ असा शब्द घातला. खर्चाच्या तक्त्यात तिने आणखी एक ओळ वाढवली: धागा काढणाऱ्या दोघींना दोन महिने, वजनाचा हिशेब न ठेवता, तिच्याबरोबर बसण्याचे मानधन. त्या दोन महिन्यांत काय होईल हे लिहिण्यासाठी अर्जात जागा नव्हती आणि तिलाही ते ठाऊक नव्हते. तिला वृत्ती मिळाली. त्या ओळीवर मात्र प्रश्नचिन्ह आले, पत्रव्यवहार झाला, आणि दोन महिन्यांचा एक महिना झाला.

आजोबांचा मुकटा अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर तो विरला आहे. आता त्याला कोणीही हात लावू शकते, आणि घरी येणाऱ्या मुलांना मी तो मुद्दाम हातात देते. त्याच्या सुतात जागोजाग बारीक जाडेपणा लागतो. तिथे जुन्या कोशाचा तंतू संपला होता आणि कोणीतरी मांडीवर नवा जोडून घेतला होता. बोट फिरवले की ते जोड एकामागून एक कळत जातात.